सहा स्लाइसचा हिशेब

या खेपेला टपालात ब्रेडवरचीच तीन पत्रं निघाली. पहिलं मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठंच झालंय, म्हणून बाकीची दोन थोडक्यात उरकते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी काळाचौकीला राहते. ह्यांचं वय ५४. नोकरी पहाटेची, साडेपाचला घर सोडतात. वीस-बावीस वर्षं नाश्ता एकच : चहा आणि पांढऱ्या ब्रेडच्या सहा स्लाइस. बीपीची गोळी आधीपासून आहे, आता मागच्या महिन्यात साखरेची एचबीए१सी तपासणी केली, ती ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मैदा सोडा, गव्हाचा ब्रेड खा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्राऊन ब्रेड आणायला लागले. मुलगा ऐरोलीला असतो, तो येताना मल्टिग्रेन आणतो, जवळजवळ दुप्पट किमतीचा. हे म्हणतात भुसा चावतोय, आणि मुलाचा ब्रेड सुरू केल्यापासून आठवड्यात पोटही फुगलं. सासरे ८१ वर्षांचे, कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. ते हसतात. म्हणतात, "आम्ही तिसऱ्या पाळीला चहापाव खाऊनच साचे चालवले." त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं आहे. त्यांनाही हाच ब्रेड द्यावा का? शेजारीण सांगते मैदा आतड्याला चिकटून बसतो. खरं काय ते सांगा.
– स. प., काळाचौकी

उत्तर : आधी तो ब्राऊन ब्रेडचा पुडा घ्या, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. म्हणजे पहिलं नाव ज्याचं, ते पुड्यात सगळ्यात जास्त. तिथे 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' किंवा 'मैदा' असेल, तर पुढ्यात आलेला ब्रेड मैद्याचाच. पुढे कुठेतरी 'कॅरमेल' किंवा '१५०' हा आकडा दिसला की रंग कुठून आला तेही कळतं. 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' हे पहिलं नाव हवं. मल्टिग्रेनचंही तेच. पुडक्यावर शेतातल्या कणसांचं चित्र असतं आणि आत पुष्कळदा मैद्यात चिमूटभर जवस, चिमूटभर ओट्स.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, दिवसभर लोकांना मैदा कमी करा म्हणून सांगितलं, आणि घरी दीड वर्षं आमच्या ह्यांना ब्राऊन ब्रेड खाऊ घालत होते. नाव बघून उचलायचे, रोज घाई. एकदा रांगेत उभी असताना सहज पुडा उलटा केला. पहिलं नाव मैदा, शेवटून तिसरा रंग. घरी येऊन बोलले नाही कुणाला. आज पहिल्यांदा लिहितेय.

आता मैद्याचं. गव्हाच्या दाण्यात बाहेर कोंडा, आत पिठूळ गर आणि एका टोकाला इवलासा अंकुर. मैदा म्हणजे नुसता गर. कोंडा आणि अंकुर गेले की त्यांच्याबरोबर चोथा म्हणजे फायबर, मॅग्नेशियम, ब जीवनसत्त्वांचा मोठा वाटा जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम फायबर आहे, मैद्यात पावणेतीन. प्रथिनं मात्र दोन्हीत जवळजवळ सारखी. आणि शेजारणीला सांगा, मैदा आतड्याला चिकटत नाही. इतर पिठासारखाच पचतो, उलट जरा लवकरच पचतो. अडचण तीच आहे.

इथे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यात थोडी भर घालते. गव्हाचा ब्रेड साखर वाढवत नाही असा समज आहे, तो चुकीचा. कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो याचा एक निर्देशांक असतो, ग्लुकोजला १०० धरून. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडची सरासरी ७५ आहे आणि अख्ख्या गव्हाच्या पिठाच्या ब्रेडची ७४. वाचून मीही तेव्हा चकित झाले होते. कारण साधं आहे. कोंडा असला तरी पीठ वस्त्रगाळ दळलेलं, वर फुगवून हलकं केलेलं, त्यामुळे आतला स्टार्च पोटात गेल्या गेल्या मोकळा होतो. त्याच तक्त्यात चपाती ५२ आहे, आणि ज्या ब्रेडमध्ये धान्याचे दाणे दाताखाली येतात त्याची सरासरी ५३. म्हणून ब्रेड घ्यायचाच तर दाणे दिसणारा, चावायला लागणारा घ्या. ह्यांना जो भुसा वाटतो, त्यातच गंमत आहे.

मग गव्हाच्या ब्रेडचा फायदा काय? फायबर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम सांगते. सहा पांढऱ्या स्लाइसमधून ह्यांना साधारण साडेतीन ग्रॅम मिळत होतं, खऱ्या गव्हाच्या सहांतून दहाच्या आसपास मिळेल. पोट साफ राहतं, भूक लवकर लागत नाही, आणि अख्खं धान्य नेमाने खाणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार कमी आढळतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. वजन मात्र नुसता ब्रेड बदलून उतरणार नाही, स्लाइसमागे उष्मांक जवळपास तेवढेच. मिठाचंही तसंच. एका स्लाइसमध्ये साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम सोडियम असतं, पांढरी असो की तपकिरी. सहांचे झाले ६०० ते ९००. दिवसाची मर्यादा २,००० ची, आणि बीपीवाल्या माणसाची ती नाश्त्यालाच तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जाते. बिचारं लोणी तर अजून मोजलंच नाही.

म्हणून माझं सांगणं असं की रंग बदलण्याआधी सहाचा आकडा बदला. दोन स्लाइस, दाणेदार, आणि सोबत काहीतरी दमदार. आदल्या रात्रीची मुगाची किंवा मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, नाहीतर शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. प्रथिनं आणि स्निग्धांश सोबत असले की साखर हळू चढते. नुसता ब्रेड आणि गोड चहा या जोडीला कोणीच अडवणारं नसतं. साडेपाचला उसळ खाणार नाहीत म्हणाल. मग घरून नुसत्या चहावर जाऊ देत आणि डबा बरोबर द्या, आठ वाजता पहिल्या सुट्टीत खातील.

ह्यांचं ६.१ हे मधुमेहाच्या अलीकडचं आहे, ५.७ ते ६.४ हा काठ समजतात. काठावरून मागे फिरता येतं, पण त्याला तीन महिने तरी द्या, कारण हा आकडाच मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. दर आठवड्याला तपासून पैसे घालवू नका.

पोट फुगलं त्यात नवल नाही. वीस वर्षं मैद्यावर वाढलेल्या पोटाला एकदम कोंडा दिला तर ते कुरकुरणारच. आतड्यातले जिवाणू फायबर आंबवतात, त्यातून वायू होतो. पहिल्या आठवड्यात एक स्लाइस गव्हाची, एक पांढरी. पुढच्या आठवड्यात दोन्ही गव्हाच्या. पाणी वाढवा, नाहीतर कोंड्याने उलट बद्धकोष्ठ होतं.

सासऱ्यांचं वेगळं आहे. अख्ख्या धान्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस मैद्यापेक्षा जास्त, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते बाहेर टाकायला जड जातं. अशा वेळी काही रुग्णांना आम्ही पांढरा ब्रेडच चालवून घेतो. किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांचा ब्रेड बदलू नका. कवळी असेल तर जवसाचा दाणा खाली अडकून हिरडी सोलते ते निराळंच. एका घरात दोन पुडे आले तर काही बिघडत नाही. आणि तिसऱ्या पाळीच्या चहापावाबद्दल ते बोलतात ते खरं आहे, फक्त पुढचे आठ तास ते साच्यांमागे उभे असत. ह्यांना बसून काम आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

एक विचारायचं राहिलं. घरात पोळ्यांचं पीठ कुठल्या चाळणीने चाळता? पोळ्या मऊ लुसलुशीत व्हाव्यात म्हणून मैद्याच्या चाळणीतून कणीक काढणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. गिरणीतून दळण आणायचं, कोंडा गाईला नाहीतर केराच्या बादलीत, आणि मग तोच कोंडा मॉलमधून दुप्पट पैसे देऊन पुड्यात परत. जाड चाळणीने नुसता कचरा काढा. गिरणीवाल्याला जरा जाडसर दळायला सांगा. आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी ज्वारीची भाकरी असेल तर अजून उत्तम. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पाच ग्रॅम फायबर येतं, म्हणजे गव्हाच्या जवळजवळ तीन स्लाइसचं, आणि मीठ तुमच्या हातात. मुलाला सांगा, दुप्पट पैशांची शेंगदाण्याची पिशवी आण.

प्रश्न : मुलाच्या डब्यासाठी आट्याचा ब्रेड आणते, पण जुलैत दोन दिवसांत बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवला तर चिवट होतो. बुरशीचा कोपरा कापून बाकीचा वापरला तर चालेल?
– एक आई, बोरिवली

उत्तर : नाही चालणार. ब्रेड मऊ आणि सच्छिद्र असतो, हिरवा ठिपका दिसतो तिथून बुरशीचे तंतू आत लांबवर गेलेले असतात. अख्खा पुडा टाका, वास घेऊन खात्री करण्याच्या फंदातही पडू नका. ब्रेडमध्ये टिकाऊपणाचं रसायन कमी असेल तर आपल्या पावसाळ्यात तो टिकायचा नाहीच. फ्रिजमध्ये बुरशी लांबते, पण त्या थंडाव्यात स्टार्च कडक होण्याचा वेग वाढतो, म्हणून तुम्हाला चिवट लागतो. त्याऐवजी आणल्या दिवशीच दोन-दोन स्लाइसच्या पिशव्या करून वरच्या बर्फाच्या कप्प्यात टाका. सकाळी काढून थेट तव्यावर. वितळायची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, गिरगावात राहतो. नाव ब्राऊनसारखं असल्याने इराण्याचा ब्रून पाव पौष्टिक समजून बरीच वर्षं रोज दोन खातो. परवा नात म्हणाली, आजोबा, तो मैद्याचा असतो. ती म्हणते ते खरं आहे का?
– वि. ग., गिरगाव

उत्तर : नात बरोबर आहे, आजोबा. ब्रून मैद्याचाच असतो. वरचं कवच तांबूस होतं ते भट्टीच्या कडक आचेमुळे. पिठातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांशी मिसळली की तो रंग आणि तो खमंग वास येतो, कोंड्याचा त्यात काही हात नाही. लादीपावाचंही असंच, वरून तपकिरी आणि आत पांढराशुभ्र. पण ब्रून मस्का आणि चहा मी तुमच्याकडून काढून घेणार नाही, कारण रविवारी धोबीतलावच्या इराण्याकडे मीही जाते. रोजचे दोन बंद करा, रविवारचा एक ठेवा, आणि त्या एकावर मस्का लावताना नातीला समोर बसवा.