पोव्हाँस्कीला ‘स्मशान’ म्हणावे का?

एका अनुवादक वाचकाचा प्रश्न असा आहे: वॉर्सातील पोव्हाँस्कीसारख्या पोलंडमधील ऐतिहासिक दफनस्थळांवरील लेखाचा मराठी अनुवाद करताना त्यांनी सर्वत्र ‘स्मशान’ हा शब्द योजला होता, संपादकांनी तो खोडून कुठे ‘कबरस्तान’, कुठे ‘स्मशानभूमी’, तर कुठे ‘समाधिस्थळ’ असा बदल केला. यांपैकी बरोबर शब्द कोणता, आणि पोलिश लोक स्वतः या जागांना काय म्हणतात, हे त्यांना हवे आहे.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. पोलिश भाषेतील सर्वसाधारण शब्द आहे ‘त्स्मेंताश’. तो लॅटिनमधून आला आणि लॅटिनने तो ग्रीक ‘कॉइमेतेरिऑन’वरून घेतला. त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ निजण्याची जागा, शयनगृह असा आहे. मृत्यू ही पुनरुत्थानापर्यंतची झोप आहे अशी श्रद्धा असलेल्या आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने तो मृतांच्या जागेसाठी उचलला. पोलिश लोकभाषेत या शब्दाचे ‘स्मेंताश’ असेही रूप ऐकू येत असे. त्यामागे ‘स्मेंत्नी’, म्हणजे ‘दुःखी, उदास’, या शब्दाचा ओढा होता. परका शब्द जिभेवर रुळताना आपल्या ओळखीच्या एखाद्या शब्दाचा हात धरतो, त्याचे हे सुंदर उदाहरण आहे.

आता ‘स्मशान’ पाहू. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात ‘श्मशानं श्मशयनम् । श्म शरीरम् ।’ अशी फोड केली आहे, म्हणजे जेथे शरीर निजते ती जागा. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती जशीच्या तशी स्वीकारतीलच असे नाही, तरीही एका भारतीय आचार्याने आणि ग्रीक भाषिकांनी परस्परांशी काही संबंध नसताना मृतांच्या जागेला ‘शयन’ म्हणावे, हे मला फार मोलाचे वाटते. शिवाय शतपथ ब्राह्मणात ‘श्मशान’ ही जळणाऱ्या चितेची जागा नसून अस्थी पुरून त्यांवर रचलेला मातीचा उंचवटा आहे. तो चौकोनी असावा की गोल, याचीही चर्चा तेथे आहे. तेव्हा केवळ व्युत्पत्तीच्या आणि प्राचीन प्रयोगाच्या आधारे बोलायचे तर वाचकाने योजलेला ‘स्मशान’ हा शब्द चुकीचा म्हणता येणार नाही.

परंतु शब्द आजच्या वाचकासाठी वापरायचा असतो. प्राकृतातील ‘मसाण’वरून आलेले मराठीतील ‘मसण’ आणि ‘मसणवटा’, त्याचप्रमाणे ‘स्मशानशांतता’ आणि ‘स्मशानवैराग्य’ हे प्रयोग पाहिले की या शब्दाभोवती चितेचा धूर, अशुभाची भीती आणि तेथून लवकर निघण्याची घाई किती दाटली आहे ते लक्षात येते. पोलंडमधील जागांचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘झादुश्की’ला, म्हणजे मृतात्म्यांच्या दिवशी, कुटुंबेच्या कुटुंबे दूरदूरच्या गावांहून आपल्या माणसांच्या कबरींपाशी येतात, दगड धुतात, शेवंतीची फुले मांडतात आणि ‘झ्निच’ नावाचे काचेच्या भांड्यातील दिवे लावून अंधार पडेपर्यंत तेथेच रेंगाळतात. आपल्याकडील सर्वपित्री अमावास्येशी या दिवसाची तुलना करता येईल, पण आपण त्या दिवशी स्मशानात जात नाही. या फरकामुळेच ‘स्मशान’ हा शब्द अर्थाने जवळचा असूनही भावाने दूरचा ठरतो.

वॉर्सातील पोव्हाँस्की ही दफनभूमी या स्वभावाचे उत्तम उदाहरण आहे. तिची स्थापना १७९० मधली. संगीतकार फ्रेदेरिक शोपाँचे आईवडील तेथे आहेत. स्वतः शोपाँचा देह पॅरिसमध्ये आणि हृदय वॉर्सामधील होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. नोबेल मिळवणारे कादंबरीकार व्लादिस्वाव्ह रेमाँट यांचेही तसेच: देह पोव्हाँस्कीत आणि हृदय त्याच चर्चमध्ये. जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीसाठी संगीतसमीक्षक येझी वाल्डोर्फ यांनी १९७४ मध्ये नागरिकांची एक समिती उभी केली, आणि तेव्हापासून दर वर्षी सर्व संतांच्या दिवसांत नामवंत नटनट्या हातात डबे घेऊन कबरींच्या वाटांवर देणगी गोळा करतात. ज्या जागेच्या डागडुजीसाठी अख्खे शहर रांगेत उभे राहून पैसे टाकते, तिला ‘मसणवटा’ या कुळातील शब्द लावताना हात अडखळावा, हे स्वाभाविक आहे.

आणखी एक ऐतिहासिक बारकावा अनुवादात हरवू नये. पूर्वी ‘त्स्मेंताश’ म्हणजे चर्चच्या भिंतीलगतचे आवार, कारण दफन तेथेच होत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आरोग्याच्या कारणास्तव ही आवारे बंद करून गावाबाहेर नव्या जागा आखल्या जाऊ लागल्या. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या योझेफ बादशहाने १७८० च्या दशकात त्यासाठी हुकूमच काढला. ल्विव शहरातील (हे शहर आता युक्रेनमध्ये आहे) लिचाकूव्ह १७८६ मध्ये सुरू झाले आणि क्राकूव्हचे राकोव्हित्स्की १८०३ मध्ये. तेव्हा अठराव्या शतकाच्या अखेरीआधीचा संदर्भ असेल तर ‘चर्चचे आवार’ किंवा ‘चर्चच्या आवारातील दफनभूमी’ असे स्पष्ट लिहावे, आणि नंतरचा असेल तर नुसते ‘दफनभूमी’ पुरते.

होय, माझी पसंती ‘दफनभूमी’लाच आहे. अरबी ‘दफन’ आणि संस्कृत ‘भूमी’ असा हा संकर असल्याने काही शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात, परंतु अरबी ‘जिल्हा’ आणि संस्कृत ‘अधिकारी’ यांच्या जोडीतून झालेला ‘जिल्हाधिकारी’ त्यांनी केव्हाच स्वीकारला आहे. हा शब्द महापालिकांच्या फलकांवर आणि शासकीय पत्रांत रुळलेला आहे, कोणत्याही एका धर्माशी बांधलेला नाही आणि चितेची प्रतिमा डोळ्यांपुढे आणत नाही. दफनाची कल्पना मराठीला परकी आहे असेही नाही. आमच्या गावाकडे अंत्ययात्रेला जाऊन आलेला माणूस, दहन झालेले असले तरी, ‘मातीला जाऊन आलो’ असेच म्हणतो, आणि ‘मूठमाती देणे’ हा वाक्प्रचार तर सर्वांच्याच तोंडी आहे. लिंगायत समाज आपल्या दफनाच्या जागेला ‘रुद्रभूमी’ म्हणतो. ‘समाधिस्थळ’ मात्र पोलिश संदर्भात टाळावे, कारण मराठीत समाधी असते ती संतांची, संन्याशांची किंवा थोर पुरुषांची. साध्या शिंप्याच्या किंवा धोबिणीच्या कबरीला तो शब्द लावला तर अर्थ फुगतो.

संपादकांनी सुचवलेल्या ‘कबरस्तान’विषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण येथे पोलंडचा इतिहासच आपल्याला मदत करतो. पूर्व पोलंडमधील बोहोनिकी आणि क्रुशिन्यानी या गावांत मुस्लिम तातार राहतात. राजा यान सोबिएस्की याने १६७९ मध्ये त्यांच्या पूर्वजांना सैनिकी सेवेच्या मोबदल्यात तेथे जमिनी दिल्या. त्यांच्या दफनभूमीला पोलिश भाषेत ‘मिझार’ म्हणतात, आणि हा शब्द दुसरा तिसरा कोणता नसून आपल्या ओळखीचा ‘मजार’ आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ भेट देण्याची, दर्शनाची जागा. आपल्याकडे तो एखाद्या पीराच्या कबरीपुरता राहिला, तर पोलंडमध्ये गावाबाहेरच्या पाइनच्या झाडीतील संपूर्ण दफनभूमीला लागू झाला. म्हणून मराठीत ‘बोहोनिकीची मजार’ असे लिहिले तर वाचक एकच कबर समजेल. तेथे ‘तातारांचे कबरस्तान’ हेच योग्य, आणि ‘मिझार’ हा शब्द सोबत एकदा देऊन ठेवावा.

ज्यूंच्या दफनभूमीसाठी पोलिश बोलीत ‘किर्कुत’ असा शब्द आहे. तो जर्मन ‘किर्खहोफ’चा, म्हणजे चर्चच्या आवाराच्या नावाचा, अपभ्रंश आहे. जी जागा चर्चची मुळीच नाही तिलाच चर्चच्या आवाराचे नाव चिकटले. म्हणून मराठी लेखात ‘ज्यू दफनभूमी’ असे सरळ लिहावे. ज्यू स्वतः हिब्रूत तिला ‘बेत खायिम’, म्हणजे जिवंतांचे घर, किंवा ‘बेत ओलाम’, म्हणजे अनंताचे घर, असे म्हणतात. मृत्यूचे नाव टाळून उलट जीवनाचे नाव घेण्याची ही रीत, दिवा विझवताना ‘दिवा शांत करा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. हिब्रूत कबरीला ‘केव्हेर’ म्हणतात आणि तो अरबी ‘कब्र’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजेच ‘कबर’ हा शब्द ज्यू संदर्भात वापरताना संकोच करण्याचे कारण नाही. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या कबरींवर तर हिब्रू आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी कोरलेला आढळतो.

क्राकूव्हमधील रेमू दफनभूमी १५३५ मध्ये सुरू झाली आणि १८०० पर्यंत वापरात होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उत्खननात तेथील जमिनीखालून शेकडो जुने दगड निघाले. जे तुटलेले होते त्यांचे तुकडे आवाराच्या एका भिंतीत बसवले आहेत. नाझींनी पोलंडभर ज्यूंचे कबरीचे दगड उपटून रस्त्यांच्या फरसबंदीसाठी वापरले होते, हे ठाऊक असले की त्या भिंतीतील अर्धवट अक्षरे वाचताना नजर हलत नाही. ज्यू कबरीच्या अशा उभ्या दगडाला ‘मात्सेवा’ म्हणतात. आशीर्वादासाठी उचललेले दोन पंजे असतील तर ती कबर पुरोहित घराण्यातील, पाण्याची सुरई असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या साहाय्यकांच्या, घराण्यातील. मराठीत यासाठी ‘शिळा’ किंवा ‘कबरीचा दगड’ म्हणावे. ‘थडगे’ म्हटले तर कबरीवरचे सगळे बांधकाम सूचित होते.

माझ्यासारख्या भाषाप्रेमीला वॉर्साच्या ओकोपोव्हा रस्त्यावरील ज्यू दफनभूमीची ओढ वेगळ्या कारणाने आहे. १८०६ पासूनच्या या विस्तीर्ण जागेत एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचे जनक लुद्विक झामेनहोफ यांची कबर आहे. ते १९१७ मध्ये वारले. पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिश भाषेतील साहित्याचे अध्वर्यू यि. ल. पेरेत्स हेही तेथेच विसावले आहेत.

अशा लेखांत दफनभूमींसोबत येणाऱ्या ‘प्राचीन दफनस्थळां’साठी पोलिश भाषेने वेगळी सोय केली आहे. ‘त्स्मेंताश’ला ‘इस्को’ हा प्रत्यय लावून ‘त्स्मेंताझिस्को’ असा शब्द होतो. तो पुरातत्त्वज्ञ वापरतात, जसा किल्ल्याच्या उरलेल्या अवशेषांना ‘ग्रोजिस्को’. उत्तर पोलंडमधील ऑद्री येथील दगडी वर्तुळे आणि मातीचे उंचवटे या वर्गात मोडतात. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या महापाषाणयुगीन शिळावर्तुळांविषयी लिहिताना मराठी पुरातत्त्वज्ञ ‘दफनस्थळ’ म्हणतात; ऑद्रीला तोच शब्द द्यावा, आणि ‘दफनभूमी’ वापरातील किंवा नोंदीतील जागांसाठी राखून ठेवावा.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात, सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांची, वसाहत होती. त्या काळात वारलेल्या पोलिशांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत, तेव्हा वाचकांच्या लेखातील विषयाचा एक छोटा तुकडा मराठी मुलखातच आहे.

शेवटी, लेखात दगडांवरील मजकूर उद्धृत केला असेल तर एका लघुरूपाकडे लक्ष द्यावे. पोलिश कबरींवर नावाआधी ‘Ś. P.’ ही दोन अक्षरे कोरलेली असतात. त्यांचा पूर्ण उच्चार ‘श्विएंतेय पाम्येंत्सी’, म्हणजे ‘पवित्र स्मृतीचा’. अनेक अनुवादक तेथे ‘कै.’ लिहून मोकळे होतात, परंतु कैलासवास येथे बसत नाही. मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेला ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द जवळचा आहे. आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक दगडांवर तळाशी मृत माणूस वाटसरूकडे ‘देवापाशी एक सुस्कारा’ मागतो. त्या ओळीचे ‘प्रार्थना करा’ असे सपाट भाषांतर करू नये. ‘सुस्कारा’ हाच शब्द तेथे राहू द्यावा.