रशियन आणि इतर स्लाव्हिक भाषांमधले नामं बनवणारे प्रत्यय पाठ केले, तर शब्द आपले आपण तयार करता येतात का?

ओळखता येतात, तयार करता येत नाहीत. हे मी एका डॉक्टरबाईंसमोर तोंडावर आपटून शिकलोय, म्हणून लिहायला बसलो.

पुण्यात संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला जायचो. सरांनी एक कोष्टक दिलं होतं, डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई. उचीतेल–उचीतेलनित्सा म्हणजे शिक्षक–शिक्षिका. स्तुदेन्त–स्तुदेन्तका. पोवार–पोवारीखा, म्हणजे स्वयंपाकी आणि स्वयंपाकीण. "भाषा म्हणजे गणित, पोरांनो. सूत्र लावा, उत्तर येतं." मी विचारलं, सर, डॉक्टरचं काय? वर न बघता म्हणाले, "लाव की सूत्र." डॉक्टरला रशियनमध्ये 'व्राच' म्हणतात. मी त्याला '-ईखा' जोडून वहीत 'व्राचीखा' लिहिलं. सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पुढे रशियातल्या वोरोनेझ शहरात शिकायला गेलो. हॉस्टेलच्या कँटीनमधल्या मावशींना सगळे पोवारीखाच म्हणायचे, त्यामुळे सूत्रावरचा विश्वास आणखी पक्का झाला. पहिल्याच थंडीत घसा सुजला, ग्रादुस्निक लावला तर एकोणचाळीस. (ग्रादुस म्हणजे अंश, त्याला '-निक' लागला की झाला थर्मामीटर. हा शब्द न शिकवता कळला याचा तापातही आनंद झाला होता.) दवाखान्यात नर्सने विचारलं, कोणाकडे जायचंय? मी व्याकरण सांभाळत ठणठणीत आवाजात म्हणालो, "व्राचीखाकडे." दार उघडंच होतं. आतल्या वयस्कर बाईंनी चष्मा नाकावर ओढून माझ्याकडे पाहिलं. "स्लोनीखा असते," त्या म्हणाल्या. "मी व्राच आहे. आ करा." स्लोनीखा म्हणजे हत्तीण. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी जीभ चमच्याने दाबून धरली होती.

यातली खरी लाज अशी की हे मराठी माणसाला कळायला हवं होतं. आपली '-ईण' वाघाला लागते, हत्तीला लागते, आणि मास्तरांनाही लागते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तसंच रशियनमध्ये गेनेरालशा म्हणजे मूळ अर्थाने जनरलची बायको. तपासणाऱ्या बाईंना तोंडावर 'डॉक्टरीण' म्हणून बघा, मग कळेल. आपण 'डॉक्टर आल्या' म्हणतो, शब्द तोच ठेवून क्रियापदावर काम भागवतो. रशियनही हेच करते: 'व्राच प्रिश्ला'. नाम पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. उत्तर आधीपासून माझ्या घरात होतं आणि मी ते कोष्टकात शोधत होतो.

तुमच्या प्रश्नाबद्दल. प्रत्यय शिका, पण वाचण्यासाठी. 'चितात' म्हणजे वाचणे हे माहीत असलं की चितातेल दिसताच वाचक कळतो. मात्र '-तेल' फक्त माणसांनाच लागतो असं नाही. विक्ल्यूचातेल म्हणजे भिंतीवरचं बटण. 'पूत' म्हणजे वाट आणि 'स' म्हणजे सोबत, त्यावरून स्पुत्निक म्हणजे सोबतचा वाटसरू. ४ ऑक्टोबर १९५७ ला तो आकाशात गेला म्हणून तो शब्द जगाला उपग्रह वाटतो. '-ओस्त' दिसला की भाववाचक नाम समजा, तेही बहुतेक स्त्रीलिंगी. हा प्रत्यय शेजाऱ्यांकडेही चालतो: आनंद रशियनमध्ये रादोस्त, चेकमध्ये रादोस्त, पोलिशमध्ये रादोश्च. पण सौंदर्याला रशियनमध्ये क्रासोता म्हणतात, तिथे '-ओस्त' लावायला गेलात की फसलात. का? कारण तसं म्हणत नाहीत. आपणही गोडवा म्हणतो, कडवटपणा म्हणतो, पण कडूवा म्हणत नाही.

माझी आवडती जोडी मात्र स्वयंपाकघरातली. सोलेनिये म्हणजे मीठ लावून खारवण्याची क्रिया, आणि सोलेन्ये म्हणजे खारवलेला पदार्थ. मधला एक स्वर गळाला की क्रियेची बरणी होते. आपलं लोणचंही मिठावरूनच आलं, लवणावरून. आणि आपल्याकडे तर स्वरही गळावा लागत नाही: पोळी लाटणं ही क्रिया आणि ओट्यावरचं लाटणं ही वस्तू. एवढं दिसलं की प्रत्ययांची भीती जाते.

दोन अपवाद आत्ता आठवले. गोस्त म्हणजे पाहुणा, तो पुल्लिंगी. तिथला '-ओस्त' प्रत्यय नाहीच, तो शब्दाच्या मुळाचाच भाग आहे. आणि दोब्रोदेतेल म्हणजे सद्गुण, शेवटी '-तेल' दिसत असला तरी स्त्रीलिंगी.

सरांना मी नंतर फोनवर हा किस्सा सांगितला. म्हणाले, "तुझा उच्चार चुकला असेल." वर्षानुवर्षं ते मनात होतं. आता खरं सांगायचं तर 'व्राचीखा' मोठ्या शब्दकोशांत सापडतो, पुढे 'बोलीभाषेतला' असा शेरा मारलेला. म्हणजे सर अगदीच चूक नव्हते. पण लाल खूण करताना तो शेराही लिहायला हवा होता.