'नो-किल' शेल्टर म्हणजे तिथं एकही कुत्रं मारत नाहीत का?

तुमची बहीण अमेरिकेत राहते, तिनं 'नो-किल' म्हणजे 'मारत नाही' म्हणणाऱ्या शेल्टरमधून (बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातून) कुत्रं आणलं अन् ती म्हणायलीय की तिथं कुणालाच मारत नाहीत, मग आपल्या पेपरात 'दयामरण' छापून येतं ते काय, असं विचारलंय तुम्ही.

एकही मारत नाहीत असं काही नाही. तिथला चालू हिशोब असाय की आत आलेल्या शंभरातले नव्वद जिवंत बाहेर पडले, म्हणजे दत्तक गेले, मालकाला परत मिळाले नाहीतर दुसऱ्या संस्थेनं नेले, की 'नो-किल' म्हणता येतं. बाकीचे दहा लई आजारी, जखमी नाहीतर चावरे असणार हे धरूनच चालतात. खरी गोम आहे मोजण्यात. १९९४ ला सॅन फ्रान्सिस्कोत करार झाला की दत्तक देण्याजोगा एकही प्राणी मारायचा नाही, झकास, पण देण्याजोगा कोणता हे ठरवणार कोण? मंग २००४ ला कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला शेल्टरवाल्या संस्थांनी बसून वर्गवारी केली: धडधाकट, उपचारानं बरा होणारा, औषधावर निभावणारा, अन् हाताबाहेर गेलेला. त्यात जिवंत सुटकेचा जो टक्का काढायचे त्यात पिंजऱ्यातच मेलेलं जनावर धरायचेच नाहीत. हाताबाहेर गेलेलं कुत्रं मालकानंच आणून 'इंजेक्शन द्या' म्हणलं तर तेही वगळायचं.

अन् दार बघा कुणाचं उघडंय. सरकारी शेल्टरला येईल ते जनावर घ्यावं लागतं, खाजगीवाला 'जागा फुल आहे' म्हणून हात वर करू शकतो, अन् शेवटी 'किल शेल्टर' म्हणून शिव्या खातो तो सरकारीवाला. हे मला अजिबात पटत नाही. तरी एक कबूल करावं लागतं, एएसपीसीए ह्या तिथल्या प्राणी-संस्थेच्या अंदाजानं अमेरिकेच्या शेल्टरांत २०११ ला वर्षाला २६ लाख कुत्री-मांजरं मारली जायची, २०१९ ला तो आकडा ९ लाख २० हजारावर आला, म्हणजे त्या 'नो-किल' पाटीच्या दबावानं काहीतरी हललं असावं असं मला वाटतं.

आता आपलं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत दयामरण फक्त असाध्य आजारी नाहीतर मरणाच्या दारात असलेल्या जखमी कुत्र्याला, तेही डॉक्टरच्याच हातानं अन् दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. रेबीजचा दाट संशय असला तरी वेगळं ठेवायचं, आपोआप मरेपर्यंत. जागा नाही म्हणून मारणं आपल्याकडं बसतच नाही कायद्यात. म्हणून आपला लपवायचा शब्द दुसराच आहे, 'बंदोबस्त'. आमच्या परभणीत काय अन् जालन्यात काय, निवेदनात ठरलेली ओळ असती, 'मोकाट कुत्र्यांचा तात्काळ बंदोबस्त करावा'. म्हणजे नसबंदी, का गाडीत भरून शिवाराबाहेर सोडणं, का रात्री विषाचे गोळे, ते कोणी लिहीत नाही अन् कोणी विचारतबी नाही. नियम म्हणतो नसबंदी अन् लस करून जिथून उचललं तिथंच सोडा. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड असल्या जागांसाठी मात्र सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की तिथली परत सोडू नका, शेल्टरात ठेवा. म्हणजे शेल्टर भरल्यावर काय हा अमेरिकेचा प्रश्न आता आपल्याही दारात येणार.

उलटी बाजूबी सांगतो. जिंतूर रोडला ट्रकखाली आलेलं एक कुत्रं आम्ही उचललं होतं, कंबरेखाली सगळं गेलेलं, मागचे पाय फरफटून सोलून निघालेले, जखमेत अळ्या. डॉक्टरनं सरळ सांगितलं, हे चालणार नाही, दुखणंबी थांबणार नाही. तर सोबतचे दोघं म्हणायले, नको, पाप लागंल, राहू द्या गोशाळेच्या कोपऱ्यात. शेवटी सही झाली, आधी भुलीचं, मग शिरेतून दुसरं, अन् डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मगच मान हलवली. ह्याला मी बिनधास्त दयामरण म्हणतो. जागेपायी धडधाकट कुत्र्याला इंजेक्शन दिलं तर त्याला मारणंच म्हणावं. फक्त लेकरांना 'झोपवलं' म्हणू नका, रात्री झोपायला घाबरतात.

बहिणीला म्हणावं कुत्र्याची कागदं काढून बघ, बऱ्याचदा आधीच्या शेल्टरचं नाव असतं त्यात. 'नो-किल'वाल्या कैक संस्था सरकारी शेल्टरमधूनच निवडून आणतात, तसं असलं तर त्या सरकारीवाल्यांना तिनं एखादा फोटो पाठवावा, त्यांना असलं कोणी पाठवत नाही.