माइल्स बुडतील का, हे कंपनीवर आहे

काकाजी, मुलगी अमेरिकेत, तुम्ही वरुडला, तिकिटं महागली अन् संत्र्याच्या बहारापायी जाणं लांबलं. तेव्हा साचलेले माइल्स, म्हणजे विमान कंपनी प्रवासावर देते ते पॉइंट, बुडतील का, असं विचारलंत.

युनायटेड किंवा डेल्टा या अमेरिकी कंपन्यांचे असतील तर निर्धास्त राहा, त्यांना मुदतच नाही. कतार एअरवेजचे माइल्स, त्यांना एव्हिऑस म्हणतात, 36 महिने खात्यात काहीच हालचाल नसली तर जातात. थोडे कमावले किंवा खर्चले की मुदत पुन्हा नव्याने मोजतात. क्रेडिट कार्डाचे थोडे पॉइंट तिकडे वळवले तरी भागतं.

एमिरेट्सची तऱ्हा वेगळी. तीन वर्षांनी, तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेरीस संपतात. आता आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाला 1 जून लावून दिलाय! पासपोर्टवरही तीच तारीख असेल तर जूनअखेर धरा, आई सांगते ती पोळ्याची तिथी कामाची नाही.

भाडं लवकर उतरेल या आशेवर मी तरी थांबणार नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे एअर इंडियाचा अमेरिकेचा फेरा लांबला, इंधनाचा खर्च वाढला. अन् हो, माइल्सवर तिकीट काढलं तरी कर खिशातूनच भरावे लागतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा.