कोर्टाच्या कडेनं : क्वालिफायिंगवाल्या पोरी कच्च्या लिंबू नाहीत

मागच्या अंकात यूएस ओपनबद्दल लिहिताना क्वालिफायिंगवर, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातल्या पात्रता फेरीवर, एकच ओळ लिहिली होती आणि या महिन्यात जवळपास सगळी पत्रं त्याच एका ओळीवर आली. मला मनापासून आनंद झाला, कारण मी स्वतः टेनिस बघते ते जास्त करून त्या आदल्या आठवड्यातलंच. त्यातली चार पत्रं घेते.

प्रश्न : ताई, रात्री टीव्हीवर टेनिस पाहून राहिलो होतो तर एका पोरीच्या नावापुढे क्यू लिहिलेलं होतं. नातू म्हणे ती क्वालिफायर आहे, म्हणजे खालून आलेली. आता ग्रँड स्लॅममध्ये १२८ जणी असतातच ना, मग या वेगळ्या काऊन? आपण लहानपणी धाकट्या भावाला कच्चा लिंबू म्हणून खेळायला घ्यायचो, तसं काही आहे का हे? — एक काका, धरमपेठ

उत्तर : काका, अगदी उलटं आहे. कच्चा लिंबू आउट झाला तरी आपण आउट धरायचो नाही, आणि क्वालिफायिंगमधली मुलगी एक मॅच हरली की बॅग भरून घरी.

हिशोब असा की मुख्य ड्रॉच्या, म्हणजे खऱ्या स्पर्धेच्या, १२८ जागांपैकी १०४ जणी रँकिंगवर थेट येतात, ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजक आपल्या पसंतीने घेतात त्या, आणि उरल्या १६ जागा. त्या १६ साठी आदल्या आठवड्यात आणखी १२८ जणी भिडतात, लागोपाठ तीन मॅच जिंकायच्या तेव्हा कुठे नावापुढे तो क्यू लागतो. आणि या जणी साधारण जगात शंभराव्यापासून अडीचशेव्या नंबरापर्यंतच्या असतात हो, ऐऱ्यागैऱ्या नाहीत. आपली अंकिता रैना कितीतरी वर्षं याच टप्प्यात खेळत होती आणि तेव्हा ती भारताची नंबर एक होती.

अजून एक गंमत म्हणजे मुख्य ड्रॉची यादी स्पर्धेच्या सहा आठवडे आधीच्या रँकिंगवर ठरते. म्हणजे एखादी मुलगी मधल्या दीड महिन्यात धडाधड मॅचेस जिंकून वर आली तरी तिला क्वालिफायिंगच खेळावं लागतं, त्यामुळे कधीकधी क्वालिफायर तिच्यासमोरच्या थेट आलेल्या मुलीपेक्षा जास्त फॉर्मात असते. वर तिचे पाय तीन मॅच खेळून मोकळे झालेले असतात, त्या कोर्टाचा बाउन्स, तिथला वारा, सगळं तिला कळलेलं असतं.

एमा रदुकानूचं तुम्ही पाहिलंच असेल, २०२१ ची यूएस ओपन. १८ वर्षांची, रँकिंग १५०, परतीचं तिकीट क्वालिफायिंग संपतं तेव्हाचं काढून ठेवलेलं. तीन मॅच क्वालिफायिंगच्या आणि सात पुढच्या, दहाच्या दहा जिंकल्या आणि एक सेटसुद्धा कुणाला दिला नाही. ओपन एरामध्ये, म्हणजे १९६८ पासून, क्वालिफायिंगमधून येऊन ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकलेली ती पहिलीच, बायकांतही आणि पुरुषांतही. तिचं नाव सगळ्यांना माहीत झालं, पण मला तितकीच जवळची वाटते ती अर्जेंटिनाची नादिया पोदोरोस्का. २०२० ची फ्रेंच ओपन, रँकिंग १३१, त्याआधी ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये आयुष्यात एकही मॅच जिंकलेली नाही, आणि ही बाई क्वालिफायिंगमधून निघाली ती क्वार्टर फायनलला स्वितोलिनाला हरवून थेट सेमीफायनलला. तिथे श्वियाँतेककडून हरली. आठ मॅच सलग जिंकून हरली म्हणा.

रँकिंगच्या पॉइंटांचं पण सांगते, यावरून या फेरीची किंमत किती ते कळेल. थेट आत आलेली मुलगी पहिल्या फेरीत हरली तर तिला १० पॉइंट. क्वालिफाय होऊन आलेली पहिल्या फेरीत हरली तर १० अधिक क्वालिफायिंगचे ४०, म्हणजे ५०.

प्रश्न : लकी लूजर हा शब्द मला फार लागतो. जी हरली तिला लकी म्हणायचं आणि लूजरही म्हणायचं. आणि हरल्यावर ती आत येतेच कशी, हा जिंकलेल्यांवर अन्याय नाही का? — बारावीची विद्यार्थिनी, सदर

उत्तर : शब्द मलाही आवडत नाही गं. पण अन्याय काही नाही, कारण ती जिंकलेल्या कुणाची जागा घेत नाही. मुख्य ड्रॉमधल्या कुणीतरी दुखापतीमुळे नाव मागे घेतलं तर ती जागा रिकामी सोडण्यापेक्षा क्वालिफायिंगच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एकीला बोलावतात. त्यासाठी रोज सकाळी जाऊन सही करायची आणि बॅग घेऊन बसून राहायचं, बोलावणं आलं तर काही मिनिटांत कोर्टवर, नाही आलं तर संध्याकाळी हॉटेलवर परत. हे बसून राहणं तू जरा डोळ्यासमोर आण. काल हरलीयस, रडून झालंय, आणि आज पुन्हा वॉर्मअप करून तयार व्हायचं आहे अशा मॅचसाठी जी कदाचित होणारच नाही.

कोको गॉफ १५ वर्षांची असताना, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऑस्ट्रियाच्या लिंझमध्ये क्वालिफायिंगच्या शेवटच्या फेरीत हरली होती. कुणीतरी माघार घेतली, तिला आत घेतलं, आणि तिने ती स्पर्धाच जिंकली, फायनलला माजी फ्रेंच ओपन विजेती ओस्टापेंकोला हरवून. त्याच्या आदल्या वर्षी मॉस्कोत सर्बियाची ओल्गा दानिलोविच लकी लूजर म्हणून आली आणि तीही स्पर्धा जिंकून गेली, तेव्हा १७ वर्षांची.

हीच दानिलोविच जानेवारी २०२१ मध्ये आपल्या अंकिताच्या वाट्याला आली. ऑस्ट्रेलियन ओपनचं मुलींचं क्वालिफायिंग कोरोनामुळे तेव्हा दुबईला झालं होतं. दोन मॅच जिंकून अंकिता शेवटच्या फेरीत, एक जिंकली की आयुष्यात पहिल्यांदा ग्रँड स्लॅम सिंगल्सचा मुख्य ड्रॉ. मी तो सामना फोनवर नुसते आकडे बघत फॉलो केला, व्हिडिओ काही नव्हता, ३०-४०, ४०-४०, परत ४०-४०, असं बोटाने स्क्रीन ओढत. हरली. पण लकी लूजरच्या यादीत असल्यामुळे तिला मेलबर्नला नेलं, तिथे १४ दिवस क्वारंटाइन, आणि सिंगल्सची जागा शेवटपर्यंत रिकामी झालीच नाही. मात्र तिथे होती म्हणून रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूसोबत तिला डबल्सचा मुख्य ड्रॉ मिळाला. पहिल्याच फेरीत हरल्या. मग फेब्रुवारीत त्याच मेलबर्न पार्कवर फिलिप आयलंड ट्रॉफी झाली आणि अंकिताने रशियाच्या कामिला राखिमोवाबरोबर डबल्स जिंकली, तिचं पहिलं डब्ल्यूटीए टायटल, म्हणजे बायकांच्या वरच्या पातळीच्या व्यावसायिक टूरवरचं. दुबईत हरल्या दिवशीच ती घरी आली असती तर?

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ वर्षांची आहे, रामनगरच्या कोर्टवर रोज पहाटे जाते. या वर्षी चार ज्युनियर स्पर्धांत क्वालिफायिंगमध्येच हरली. घरातले म्हणून राहिले की पुढच्या वर्षी दहावी, आता बंद कर. पैसेही पाण्यासारखे जातात. मुलगी म्हणते सोडणार नाही. खरं सांगा, यात पुढे काही आहे का? — एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. खरं सांगा म्हणालात म्हणून दोन्ही बाजू सांगते.

पैशाचं आधी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. प्रोफेशनलमध्ये सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफची, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, डब्ल्यू १५ स्पर्धा. तिच्यावर डब्ल्यू ३५, ५०, ७५, १००, आणि मग डब्ल्यूटीएच्या १२५, २५०, ५००, १०००. हा आकडा म्हणजे जिंकणारीला मिळणारे पॉइंट. डब्ल्यू १५ जिंकायला ३२ जणींच्या ड्रॉमध्ये पाच मॅच जिंकायच्या, मिळणार १५ पॉइंट, आणि विम्बल्डन जिंकणारीला २०००. डब्ल्यू १५ च्या अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर, त्यातच डबल्सवाल्या पण आल्या. लवकर हरलेल्या मुलीला जे हाती लागतं त्यात तिचं येण्याजाण्याचं तिकीटही निघत नाही, वर राहणं, खाणं, कोच, दर काही दिवसांनी गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा नव्याने बांधणं. रँकिंगच्या यादीत नुसतं नाव यायलाच तीन स्पर्धांत पॉइंट लागतात, नाहीतर एकदोन स्पर्धांत मिळून १०. म्हणजे बरीच वर्षं हा घरून पैसे घालायचाच धंदा आहे, आणि हे घरातल्या सगळ्यांनी एकदा कागद-पेन घेऊन बसून मांडलेलं बरं.

आता दुसरी बाजू. १४ व्या वर्षी चार क्वालिफायिंग हरणं म्हणजे काहीच नाही हो. मागच्या मे महिन्यात मी सकाळी साडेसहाला रामनगरला होते, तेव्हाच अंग चटके खाऊन राहिलं होतं. दोन पोरींची मॅच सुरू, बॉलबॉय नाही, बॉल आपले आपणच गोळा करून आणायचे, स्कोअर आपणच मोठ्याने बोलायचा. त्यातली लहानखुरी हरली. नेटवर हात मिळवला, बाकावर येऊन बसली, पाणी प्यायली, आणि मग रॅकेटची ओली झालेली ग्रिप सोलून काढली आणि नवीन गुंडाळायला बसली, एकेक वेढा ओढून, शेवटी दातांनी टेप तोडून. मॅच तर संपली होती ना, मी विचारलं आता कशाला? म्हणाली चार नंबरच्या कोर्टवर सर मोकळे आहेत, बॅकहँड करायचाय. ती तुमचीच मुलगी होती की काय कोण जाणे. पण असं करणारीला मी तरी थांबवणार नाही.

ब्रिटनची फ्रान्सेस्का जोन्स आहे. जन्मतःच दोन्ही हातांना तीन-तीन बोटं आणि अंगठा, उजव्या पायाला तीन बोटं, डाव्याला चार. डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं की टेनिस विसर. अंकिता दुबईत हरली त्याच क्वालिफायिंगमधून ही शेवटची मॅच ६-०, ६-१ जिंकून ऑस्ट्रेलियन ओपनला गेली, आणि पुढे २०२५ मध्ये जगातल्या पहिल्या १०० मध्ये आली. आणि जवळचं सांगायचं तर कोईम्बतूरची माया राजेश्वरन, तेव्हा १५ वर्षांची, फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर डब्ल्यूटीए १२५ मध्ये क्वालिफायिंगमधून सेमीफायनलपर्यंत गेली. तुमच्या मुलीच्या आजच्या वयापेक्षा तेव्हा एकच वर्षाने मोठी. याच मुंबईच्या स्पर्धेत २०१७ ला पुढे जगात नंबर एक झालेली सबालेंका नावाची पोरगी जिंकली होती तेव्हा तिला कोण ओळखत होतं!

दहावीचं म्हणाल तर शिक्षण आणि टेनिस एकमेकांचे वैरी नाहीत. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेनिसच्या जोरावर अमेरिकेत टेक्सासला कॉलेजमध्ये शिकली, परत आली, आणि हांगझोच्या एशियन गेम्समध्ये २०२३ ला रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्डचं सोनं घेतलं. म्हणून माझं ऐकाल तर दहावीच्या वर्षी बाहेरगावच्या स्पर्धा कमी करा, त्यात पैसाही वाचेल आणि शाळाही बुडणार नाही, पण पहाटेचा सराव बंद करू नका. डबल्स खेळवा, मुली उगाच डबल्सला कमी समजतात. आणि हरलेल्या प्रत्येक मॅचचं एका वहीत तिच्याच हाताने लिहून घ्या, कुणाशी, किती, कुठे अडली. वर्षभराने ती वही दोघी मिळून वाचा. चारही पराभव एकाच गोष्टीमुळे असले, समजा दुसऱ्या सर्व्हमुळे, तर ते सुधारता येतं. पुढचं बारावीनंतर ठरवा, आज ठरवायची काही घाई नाही.

मी १५ व्या वर्षी सोडलं. घरातून कुणी थांबवलं नव्हतं, हरण्याचा मलाच कंटाळा आला होता. सोडू नकोस असं तेव्हा कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं असं मला अजून वाटतं, म्हणून तुमच्या मुलीला माझ्याकडून तेवढं सांगा.

प्रश्न : क्वालिफायिंग टीव्हीवर दाखवतच नाहीत, मग नागपुरात बसून पाहायचं कसं आणि कधी? — एक वाचक, महाल

उत्तर : चारही ग्रँड स्लॅमच्या आणि आयटीएफच्या ॲपवर लाइव्ह स्कोअर असतो, तो फुकट. व्हिडिओ मिळाला तर नशीब. वेळा लिहून ठेवा, सगळ्या आपल्या घड्याळाच्या. विम्बल्डनचं क्वालिफायिंग दुपारी साडेतीनला सुरू होतं, आणि ते विम्बल्डनच्या मैदानावर नसतंच, तिथून थोड्या अंतरावर रोहॅम्प्टन म्हणून जागा आहे तिथे असतं, म्हणजे तीन मॅच जिंकल्याशिवाय त्या पोरींना विम्बल्डनच्या मैदानावर मॅच खेळायलाच मिळत नाही. फ्रेंच ओपनचं दुपारी दीडच्या सुमारास. यूएस ओपनचं रात्री साडेआठला, जेवणं झाली की बसा, न्यूयॉर्कमध्ये त्या आठवड्यात प्रेक्षकांना तिकीटही लागत नाही, कुणाचे मुलंबाळं तिकडे असतील तर पाठवा. आणि ऑस्ट्रेलियन ओपनसाठी जानेवारीत पहाटे साडेचारचा गजर लावा, नागपूरच्या त्या थंडीत ब्लँकेटमधून फोन बाहेर काढायचा आणि पहिल्या कोर्टापासून एकेक नाव बघत खाली जायचं, आपली कुणी आहे का ते.