डॉक्सिसायक्लिन : फायदा कोणाला, त्रास कशामुळे?

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत डॉक्सिसायक्लिन या एकाच प्रतिजैविकाविषयीच्या शंका सर्वाधिक असतात. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफस या जिवाणूजन्य तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हापासून या जुन्या आणि स्वस्त औषधाचे नाव पुष्कळांना माहीत झाले. मात्र ते घ्यायचे कसे, याबद्दलचा गोंधळ दरवर्षी तोच असतो. म्हणून काही पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल घेत होतो. तिसऱ्या दिवसापासून छातीच्या मधोमध दुखते, घास गिळतानाही कळ येते. हा हृदयविकार तर नव्हे? (धरमपेठ)

वर्णनावरून अन्ननलिकेत जखम झाली असावी, असे वाटते. तरीही छातीतील दुखण्याचे निदान पत्रावरून करता येत नाही, त्यामुळे आजच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्यावा. डॉक्सिसायक्लिन आम्लधर्मी आहे. कॅप्सूल पोटात न उतरता अन्ननलिकेत चिकटून विरघळली, तर त्या जागी व्रण पडतो. हे टाळण्यासाठी कॅप्सूल मोठा पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभे राहून घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्रीचा डोस जेवणाबरोबरच घेतला, तर बहुतेकांची ही अडचण उद्भवतच नाही. दुखते म्हणून औषध परस्पर बंद करू नये. ते बदलायचे की नाही, हे आपले डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : पोटात जळजळ होऊ नये म्हणून कॅप्सूल दुधासोबत घ्यावी, असे शेजारी सांगतात. (महाल)

घेऊ नये, पोळी-भाजी खाऊन पाण्यासोबत घ्यावी.

प्रश्न : दुकानदाराने कॅप्सूलसोबत "अशक्तपणा येऊ नये म्हणून" लोह व झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध दिले. तिन्ही एकाच वेळी घेतो. चालेल का? (मानेवाडा)

चालणार नाही, आणि या सवयीबद्दल मला स्पष्टच लिहिले पाहिजे. लोह, झिंक, कॅल्शियम तसेच अ‍ॅसिडिटीच्या औषधांतील अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हे डॉक्सिसायक्लिनला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही. म्हणजे रुग्ण तीन वस्तूंचे पैसे देतो आणि त्यांतील दोन वस्तू तिसरीचा गुण कमी करतात. लोहाच्या बाबतीत तर दोन गोळ्यांमध्ये काही तासांचे अंतर ठेवले तरी अडथळा पूर्णपणे टळत नाही. म्हणून उपचाराच्या आठवड्यात लोहाची गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रतिजैविकाने अशक्तपणा येतो, ही समजूत विक्रीला सोयीची आहे, एवढेच. अशक्तपणा तापामुळे आलेला असतो.

प्रश्न : माझे काका मौद्याजवळ धानाच्या बांधावर गवत कापून आले आणि आठवड्याभराने त्यांना थंडी वाजून ताप आला. व्हायरल असेल म्हणून दुकानातून सेफिक्सिमच्या गोळ्या आणल्या, प्लेटलेट घटल्याचे कळल्यावर डेंग्यू समजून पपईच्या पानांचा रसही दिला. आठव्या दिवशी दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी काखेत काळी खपली पाहून डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि दोन दिवसांत ताप उतरला. इतक्या लवकर गुण देणारे औषध फार "कडक" असते का? (नंदनवन)

आपण औषधाच्या कडकपणाविषयी विचारता. मला मात्र त्या आधीच्या आठ दिवसांविषयी लिहायचे आहे.

गवत आणि झुडपांत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म किडीची अळी चावल्याने ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो आणि साधारण 6 ते 21 दिवसांनी ताप सुरू होतो. हाच स्क्रब टायफस. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत वाढतो. सेफिक्सिम आणि त्या गटातील अन्य प्रतिजैविकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे दुकानातून आणलेल्या त्या गोळ्यांनी काकांच्या रोगाला धक्काही लागला नाही. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत पोहोचून जिवाणूची प्रथिने बनवण्याची क्रिया अडवते, म्हणून ताप बहुधा 48 तासांत उतरतो. यात कडकपणा कोठेही नाही. योग्य औषध योग्य जिवाणूला मिळाले, इतकेच घडले.

प्लेटलेट डेंग्यूत घटतात, तशाच स्क्रब टायफसमध्येही घटतात. केवळ त्या आकड्यावरून घरी निदान करणे आणि रस पाजत बसणे यात जे दिवस जातात, त्याच दिवसांत हा रोग फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. काळी खपली सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, दुखत नाही आणि काख, जांघ, स्तनांखाली किंवा कमरेच्या पट्ट्याखाली दडलेली असते. ती प्रत्येकाला येतेच असे नाही, त्यामुळे ती सापडली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. आयजीएम एलायझा ही रक्ततपासणीही पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकते. म्हणूनच लक्षणे जुळत असतील, तर अनुभवी डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि त्यावर "तपासणीआधीच औषध कसे दिले?" अशी तक्रार घेऊन नातेवाईक येतात, याचे मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते. उशीर झालेल्या गंभीर रुग्णांना मात्र कॅप्सूल पुरत नाही. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक एकत्र देणे हे त्यांपैकी एकच देण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसले; तो उपचार अर्थातच रुग्णालयात दाखल होऊन घ्यावा लागतो.

शेतातून, झुडपांतून किंवा गोरेवाड्यासारख्या जंगलालगतच्या भागातून आल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे जावे, खाजगी दवाखाना परवडत नसेल तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत जावे आणि आपण गवतात गेलो होतो, हे न विचारताही सांगावे. दम लागणे, असंबद्ध बोलणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास ओपीडीची वेळ न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

प्रश्न : औषध सुरू असताना संत्र्याच्या बागेत काम केले. चेहरा आणि हात भाजल्यासारखे लाल झाले. ही अ‍ॅलर्जी आहे का? (काटोल)

उन्हाला उघड्या राहिलेल्या भागापुरतीच लाली असेल, तर ती बहुधा औषधामुळे वाढलेली उन्हाची संवेदनशीलता असते. औषध संपेपर्यंत दुपारचे ऊन टाळावे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपट्टा वापरावा. अंगभर पुरळ, ओठांना सूज किंवा श्वासाचा त्रास असेल, तर ती वेगळी आणि तातडीची बाब आहे. पुढचा डोस न घेता लगेच रुग्णालयात जावे.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला हे औषध दिले आहे. दात पिवळे पडतील का? (कामठी)

ही भीती मुख्यतः याच गटातील जुन्या टेट्रासायक्लिनच्या अनुभवातून आली आहे. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला तुलनेने कमी चिकटते, आणि थोड्या दिवसांच्या उपचाराने दातांवर डाग पडल्याचे आढळलेले नाही. स्क्रब टायफसमध्ये दातांच्या काळजीने औषध थांबवणे धोक्याचे आहे. मात्र मात्रा वजनावरून ठरते, ती बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावी.

प्रश्न : गर्भवतीला चालते का? (हिंगणा)

सहसा अझिथ्रोमायसिन देतात. निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांचा.

प्रश्न : मुलगी मुरुमांसाठी मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून दोन महिने हे औषध घेते. आता डोके सतत दुखते. (सीताबर्डी)

औषध आजच थांबवावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. या औषधाने क्वचित कवटीच्या आतील दाब वाढतो. सोबत आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचे दुसरे औषध किंवा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्यास हा धोका अधिक होतो. नजर धूसर होणे किंवा एकाचे दोन दिसणे, असे काही असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा पडदाही त्याच दिवशी तपासून घ्यावा, कारण दुर्लक्ष झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. मैत्रिणीची चिठ्ठी मैत्रिणीसाठी लिहिलेली होती.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या चार कॅप्सूल उरल्या आहेत. यंदा ताप आल्यास वापराव्यात का? (इतवारी)

नाही. चार कॅप्सूलने उपचार पूर्ण होत नाही आणि ताप कशाचा आहे, हेही त्या सांगत नाहीत. मुदत संपली असेल तर त्या घरात ठेवूही नयेत.