लसी-औषधांच्या साखळीत सेन्सर आणि ब्लॉकचेन आणले तर पारदर्शकता येईल का? ही माहिती सुरक्षित कशी ठेवायची?

सेन्सरने येईल. ब्लॉकचेनचं, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीचं, नंतर बघू.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो, आयएलआर म्हणजे लसी ठेवायचा खास फ्रिज माझ्या ताब्यात. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. कुठल्याही केंद्रातली जुनी वही काढा: ४, ४, ५, ४. रात्रभर वीज नसली तरी ४. मग ई-विन आलं, लसींचा साठा आणि तापमान ऑनलाइन बघायची सरकारी यंत्रणा. आयएलआरमधला सेन्सर दर १० मिनिटांनी तापमान टिपतो, त्याला जोडलेलं नोंदयंत्र, म्हणजे लॉगर, ते तासाभराने सर्व्हरवर पाठवतो आणि २ ते ८ अंशांबाहेर गेलं की मोबाइलवर मेसेज.

एका हिवाळ्यात पहाटे मेसेज आला, उणे २. कोणीतरी थर्मोस्टॅट फिरवून ठेवला होता. उष्णतेला सगळे घाबरतात, पण पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), हेपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी एकदा गोठल्या की गेल्या. आणि कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारा खुणेचा ठिपका, फक्त उष्णता ओळखतो, गोठलेल्या कुपीवरही तो छान दिसतो. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "वहीत ४ आहे ना? मग लॉगर बिघडलाय. लसीकरण सत्र थांबवू नका."

मी थांबवलं. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवली, वितळवली, संशयित कुपीबरोबर हलवून शेजारी ठेवली. दोन्हींचा गाळ सारख्याच वेगाने खाली बसला, म्हणजे संशयित कुपीही गोठून गेलेली. सगळा साठा बाद. मला मेमो मिळाला, लस वाया घालवल्याचा! वही कोणी भरली, हे आजतागायत कोणी विचारलेलं नाही.

ब्लॉकचेनवर लिहिलेलं पुसता येत नाही म्हणतात. खोटा ४ लिहिला तर तोही पुसला जाणार नाही, एवढंच.

औषधांचंही तेच. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात बॅच, मुदत, परवाना क्रमांक सगळं आहे, पण प्रत्येक पट्टीला स्वतंत्र क्रमांक नियमाने मागितलेला नाही. खरा कोड उचलून हजार नकली पट्ट्यांवर छापला तर फोनला काय कळणार? युरोपात २०१९ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक असतो आणि दुकानात विक्रीच्या वेळी तो रद्द होतो. नक्कल करायची तर तशी करा.

सुरक्षिततेबद्दल फार सांगत नाही. आमचा पासवर्ड आयएलआरमागच्या भिंतीवर पेनाने लिहिलेला होता आणि सगळे तोच वापरायचे. आधी माणशी वेगळं लॉगिन द्या, एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक करून ठेवणं, मागून.

हां, रेंज नसेल तिथे लॉगरचा मेसेज वेळेवर येत नाही आणि मोठ्या इस्पितळांचा मला अनुभव नाही. पण प्रकल्प करताच आहात तर नोंद बदलण्याच्या पानावर 'कोणाच्या सांगण्यावरून' असा रकाना ठेवा. तो रिकामा ठेवून पुढे जाता येऊ नये. आणि त्यात हुद्दा चालणार नाही, नाव लागेल.